देव, शेजारी आणि शेताचा कोपरा

सर्व आज्ञांमध्ये पहिली आज्ञा कोणती, असे एका शास्त्र्याने यरुशलेमच्या मंदिरात येशूला विचारले. मार्कच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात हा प्रसंग आहे. त्याने विचारली होती एकच आज्ञा, येशूने सांगितल्या दोन. देवावर सर्वस्वाने प्रेम करावे आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करावे. या उत्तरावर दोन हजार वर्षे प्रवचने होत आली आहेत, आणि ऐकून ऐकून एक साधी गोष्ट नजरेआड झाली आहे. या दोन्ही आज्ञा येशूने त्या दिवशी नव्याने घडवलेल्या नव्हत्या. पहिली अनुवादाच्या पुस्तकातील सहाव्या अध्यायात आहे, श्रद्धाळू यहुदी माणसाच्या रोजच्या प्रार्थनेतली. दुसरी लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायातून आली आहे.

लेवीयाचे पुस्तक आपण ख्रिस्ती माणसे सहसा उघडत नाही. यज्ञपशू, शुद्धी-अशुद्धी, याजकांची वस्त्रे यांतच ते संपत असेल असे वाटते. पण हा एकोणिसावा अध्याय सबंध वाचावा, ही माझी वाचकाला पहिली विनंती. पीक कापताना शेताचे कोपरे कापू नयेत, खाली पडलेली कणसे पुन्हा वेचू नयेत, द्राक्षमळ्यात गळालेली द्राक्षे तशीच राहू द्यावीत, कारण ती गरिबाची आणि परक्याची आहेत. रोजंदारीवरच्या माणसाची मजुरी रात्रभर स्वतःकडे ठेवू नये. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नयेत, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये. देशात राहणाऱ्या परक्याला आपल्यातलाच समजावे. आणि नवे फळझाड लावले तर पहिली तीन वर्षे त्याचे फळ खाऊ नये, चौथ्या वर्षीचे देवाला वाहावे. शेजाऱ्यावरच्या प्रेमाची आज्ञा या सगळ्याच्या मधोमध उभी आहे. तिच्या एका बाजूला मजूर आणि शेत, दुसऱ्या बाजूला परका आणि झाड, आणि थोड्या थोड्या अंतराने देव आपण कोण आहोत याची आठवण करून देतो.

तुमच्या हातातल्या या पुस्तकातली चिंतने देव, शेजारी आणि सृष्टी अशा तीन भागांत लावली आहेत. ती सोय वाचनापुरती आहे. प्रेमाचे असे तीन विभाग पडत नाहीत, आणि ते पाडले की तिन्ही ठिकाणी काहीतरी खोटे होते, हे माझे म्हणणे आहे. पुढची सगळी पाने त्यासाठीच वाचावीत.

सृष्टीवरच्या प्रेमाचा विषय काढला की एक आक्षेप ऐकावा लागतो, आणि तो ऐकायलाच हवा. 1967 साली लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने 'सायन्स' या नियतकालिकात एक लेख लिहिला. आजच्या पर्यावरण-संकटाची मुळे पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहेत, कारण त्या विचाराने माणसाला सृष्टीचा धनी केले आणि बाकी सारे त्याच्या उपयोगासाठी आहे असे शिकवले, असा त्यांचा आरोप होता. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणसाला पृथ्वीवर सत्ता गाजवायला सांगितले आहे, हे खरेच आहे. त्या वचनाचा आधार घेऊन जंगले तोडली गेली, वसाहती वसवल्या गेल्या, आणि चर्चने बऱ्याचदा त्याला आशीर्वाद दिला. यातले काही नाकारण्यात अर्थ नाही. मात्र दुसऱ्याच अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. पुढे लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवण्याचा नियम येतो, आणि तिथे देव स्पष्ट सांगतो की जमीन त्याची आहे, माणसे तिथे पाहुणी आहेत. अनुवादात तर शहराला वेढा घातलेला असतानासुद्धा फळझाडांवर कुऱ्हाड चालवायला बंदी आहे. युद्धातही झाड वाचवणारा धर्म सृष्टीचा शत्रू कसा म्हणायचा? वचने होती. ती आम्ही सोयीने वाचली.

व्हाइट यांच्या लेखाचा शेवट फारसा कोणी सांगत नाही. त्यांनी ख्रिस्ती परंपरेतलाच एक माणूस पर्यावरणवाद्यांचा आश्रयदाता संत म्हणून सुचवला होता, असिसीचा फ्रान्सिस. बारा वर्षांनी, 1979 साली, पोप जॉन पॉल दुसरे यांनी तशी घोषणाच केली. फ्रान्सिसचे सृष्टिगीत सर्वांना माहीत असते. सूर्य भाऊ, पाणी बहीण, शेवटी मरणही बहीण. ते त्याने आयुष्याच्या अखेरीस रचले, डोळे जवळजवळ गेलेले असताना आणि शरीर आजाराने पोखरलेले असताना. या गीताची दुसरी हकिगत मला अधिक महत्त्वाची वाटते. असिसीचा बिशप आणि तिथला नगरप्रमुख यांच्यात तेव्हा कडाक्याचे भांडण जुंपले होते. फ्रान्सिसने गीतात क्षमेचे एक कडवे वाढवले आणि आपल्या बंधूंना ते त्या दोघांपुढे गायला पाठवले. दोघांनी भांडण मिटवले, अशी परंपरा आहे. सूर्य, वारा आणि पाणी यांच्या गीतात दोन भांडलेली माणसे त्याला अस्थानी वाटली नाहीत. 2015 साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' हे पत्र लिहिले ते याच गीताच्या पहिल्या शब्दांचे नाव घेऊन. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबाचा आक्रोश वेगवेगळा ऐकू येत नाही, हा त्या पत्राचा गाभा आहे. ते केवळ कॅथलिकांना लिहिलेले नव्हते, पृथ्वीवर राहणाऱ्या प्रत्येकाला उद्देशून होते.

आता शेजारी. लूकच्या दहाव्या अध्यायात एक शास्त्री विचारतो, माझा शेजारी कोण? त्यावर येशूने चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट सांगितली. यरुशलेमहून यरीहोला जाणारा तो रस्ता साधारण हजार मीटर खाली उतरतो, उजाड डोंगरांतून, लुटारूंना लपायला सोयीचा. लुटलेल्या, अर्धमेल्या माणसाला पाहून याजक आणि लेवी बाजूने निघून गेले. यहुदी ज्याला तुच्छ मानत तो शोमरोनी थांबला. आपण बहुधा त्याच्या कळवळ्यावर बोलतो. मला त्याचा हिशेब पाहावासा वाटतो. जखमांवर स्वतःचे तेल आणि द्राक्षारस, बसायला स्वतःचे जनावर, स्वतः मात्र पायी, रात्रभर उतारशाळेत शुश्रूषा, सकाळी उतारशाळेवाल्याच्या हाती दोन दीनार, म्हणजे त्या काळच्या मजुराची दोन दिवसांची कमाई, आणि वर जास्त लागले तर परतताना देईन असा शब्द. कळवळा सगळ्यांना येतो. हा माणूस परत येऊन बिल भागवणार होता.

मराठी मुलखात असे प्रेम पाहायचे तर मी पहिल्यांदा पंडिता रमाबाईंकडे जातो. 1858 साली जन्मलेल्या या बाईने ऐन तारुण्यात आई, वडील आणि मोठी बहीण दुष्काळाच्या दिवसांत गमावली. भूक तिने पुस्तकातून शिकलेली नव्हती. 1883 साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथे तिचा बाप्तिस्मा झाला, 1889 साली मुंबईत शारदा सदन सुरू झाले, पुढे ते पुण्याला आले. 1896-97 च्या दुष्काळात ती मध्य प्रांतात गेली आणि उपाशी, निराधार मुली आणि बाया गोळा करून घेऊन आली. केडगावच्या माळावर त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभे राहिले. विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, छापखाना आला. तिच्या विद्वत्तेवर लिहिणाऱ्यांना हे काम दुय्यम वाटते, समाजकार्यावर लिहिणाऱ्यांना तिची प्रार्थना अडचणीची वाटते. पण तीच बाई दिवसभर शेकडो मुलींच्या जेवणाची व्यवस्था पाहत होती आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबल मराठीत आणत होती. 1922 साली ती गेली तेव्हा ते भाषांतर पुरे झाले होते. रमाबाईंच्या दिवसाचे देवाचे काम आणि माणसाचे काम असे दोन भाग करून दाखवा, असे मला कोणी म्हणाले तर मला ते जमणार नाही.

शेजारी म्हटले की आपल्याकडे जात आडवी येते. ती चर्चच्या दारात थांबते असे सांगणे ही फसवणूक ठरेल. लग्न जुळवताना ख्रिस्ती घरांतही जात विचारली जाते. ज्या दलित कुटुंबांनी अपमान झुगारण्यासाठी ख्रिस्ताचा मार्ग धरला, त्यांना 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत, आणि चर्चमध्ये मिळायला हवी ती बरोबरीही सगळीकडे मिळालेली नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये आपल्या सोवळ्याचा प्रवास फार प्रामाणिकपणे लिहिला आहे. नवरा ख्रिस्ती झाला तरी त्यांची शिवाशीव सुटली नव्हती. ती सुटली स्वतःच्या विचाराने, जातिभेद देवाने केलेला नाही हे मनात पक्के झाल्यावर, आणि तीही बाप्तिस्मा घेण्याच्या आधी. ज्यांचा बाप्तिस्मा पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे त्यांनी हा क्रम नीट पाहावा.

या पुस्तकातला सर्वांत लांब लेख अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आपल्या जुन्या नगर जिल्ह्यातल्या पाणलोटाच्या कामावर आहे. प्रार्थनेच्या पुस्तकात बांध आणि चर कशाला, असे काहींना वाटेल. मला वाटते, देव, शेजारी आणि सृष्टी हे तिघे एकत्र कुठे दिसत असतील तर तिथेच. फादर हर्मन बाखर हे स्विस येशूसंघीय 1948 साली भारतात आले आणि नगर भागातल्या शेतकऱ्यांत त्यांनी आयुष्य काढले. सुरुवातीला मदत म्हणजे विहिरीला कर्ज, पंप, बियाणे. 1972 च्या दुष्काळाने दाखवून दिले की विहिरी कितीही खणल्या तरी डोंगरावर पडलेला पाऊस माती घेऊन वाहून गेला तर त्या कोरड्याच राहणार. त्यातून माथा ते पायथा या पद्धतीचे काम वाढत गेले. आधी डोंगरमाथ्यावर समतल चर, मग उतारावर झाडे आणि गवत, मग ओढ्यांवर दगडी बांध, शेतांना बांधबंदिस्ती, आणि सर्वांत शेवटी खालचा बंधारा. पाणी थांबते, मुरते आणि काही काळाने पायथ्याच्या विहिरींना उतरते. या विचारातून 1980 च्या दशकाच्या अखेरीस भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला, आणि 1993 साली क्रिस्पिनो लोबो यांच्या सोबतीने 'वॉटर' ही संस्था. गावाने आधी श्रमदान करून दाखवायचे, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची, तरच काम मिळायचे.

ही गोष्ट इथेच थांबवली असती तर यशोगाथा झाली असती. पण पाणलोटाचे पाणी खाली उतरते, आणि खाली जमीन असते ती ज्याच्या नावावर जमीन आहे त्याची, विहीर असते ती ज्याला विहीर परवडते त्याची. वरच्या गायरानावर ज्याची शेळ्यामेंढ्यांची गुजराण होती त्या भूमिहीनाला चराईबंदीने पहिला फटका बसतो. डोंगर हिरवा झाला आणि धनगराला गाव सोडावे लागले, तर आपण नेमके कोणावर प्रेम केले? संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावांत हा वाद खरोखर झाला. 500 मिलिमीटरसुद्धा पाऊस न पडणारे ते गाव. तिथे सगळा डोंगर एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद करण्याची वाट काढावी लागली, म्हणजे जनावरांना चरायला काही भाग उघडा राहिला. मला त्या वाटाघाटींत लेवीयाचा एकोणिसावा अध्याय दिसतो. शेताचा कोपरा न कापण्याचा नियम हा धान्याचा नियम होताच, आणि ज्याची जमीन नाही त्याचाही या जमिनीवर हक्क आहे, ही त्यातली कबुली होती. झाड वाचवताना माणूस विसरणारे पर्यावरणप्रेम आणि माणसाला मदत करताना जमीन उपसून टाकणारी सेवा, दोन्ही या कसोटीवर उणी पडतात.

हीच कसोटी साखरेला लावून पाहावी. नाताळच्या करंज्यांतली साखर ज्या उसाची असते तो ऊस नवरा-बायकोचा एक 'कोयता' तोडतो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी बीडसारख्या जिल्ह्यांतून ही जोडपी सहा-सहा महिने घराबाहेर, फडाशेजारच्या खोपीत राहतात. त्यांच्या मुलांची शाळा बुडते. आणि ऊस पाणी पितो ते अशा प्रदेशाचे, जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. आपला शेजारी पलीकडच्या घरात असतो ही समजूत त्यामुळे अपुरी पडते. एका वाटी साखरेत तो शंभर कोसांवरून येऊन बसलेला असतो, आपल्या भूजलासकट.

या पुस्तकातला वसईवरचा लेख वाचताना मला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची आठवण टाळता आली नाही. 1942 साली जन्मलेले आणि जुलै 2024 मध्ये आपल्यातून गेलेले दिब्रिटो मराठी वाचकांना 'सुबोध बायबल'मुळे, 'सुवार्ता' मासिकामुळे आणि 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदामुळे माहीत आहेत. वसईकरांना ते हरित वसई संरक्षण समितीमुळेही माहीत आहेत. केळीच्या आणि पानाच्या वाड्या, रहाटाच्या विहिरी आणि पावसाचे गोडे पाणी साठवणारी, भोवतालची जमीन ओली ठेवणारी बावखले, अशी ती पश्चिम पट्टी होती. 1980 च्या दशकात तिथे जमिनींचे व्यवहार गुंडगिरीच्या जोरावर होऊ लागले, विहिरींचे पाणी टँकरने बाहेर जाऊ लागले. समुद्र शेजारी असलेल्या जमिनीतून गोडे पाणी भरमसाट उपसले की त्या जागी खारे पाणी शिरते, आणि एकदा शिरले की वाडी मरते. दिब्रिटो त्या लढ्यात धमक्या सोसून उभे राहिले. धर्मगुरूने मोर्चात कशाला जावे, हा प्रश्न अजून विचारला जातो. मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. ज्या विहिरीच्या पाण्याने बाप्तिस्मा द्यायचा ती खारट होत असेल, तर धर्मगुरूने आणखी कुठे जायचे?

इतके सगळे सांगितल्यावर एक भीती मनात येते, आणि ती मी लपवत नाही. देवावरचे प्रेम हे बाकी दोन कामांसाठी लावलेले नुसते धार्मिक नाव आहे, असा कोणाचा समज होऊ नये. चर खोदला आणि मोर्चा काढला की उपासना झाली, असे मी म्हणत नाही. देव देव म्हणून प्रिय असावा लागतो, त्याच्यापासून काही काम करवून घेण्यासाठी नाही. म्हणूनच मला शब्बाथाची आज्ञा सर्वांत सुंदर वाटते. आठवड्यातला एक दिवस काहीही कमवायचे नाही, काहीही उपसायचे नाही. तो दिवस देवाचा. आणि अनुवादात ती आज्ञा लगेच पुढे सांगते की त्या दिवशी तुझ्या दासाला, दासीला, तुझ्या गावातल्या परक्याला, बैलाला आणि गाढवालाही विसावा मिळाला पाहिजे. देवाला दिलेला दिवस थेट बैलाच्या खांद्यापर्यंत जातो. आपण रविवार पाळतो तेव्हा आपल्या घरी काम करणाऱ्या बाईला त्या दिवशी सुट्टी असते का, हे ज्याने त्याने पाहावे.

सिमोन वेल या फ्रेंच विचारवंत बाईने या प्रश्नावर जे लिहिले त्याच्याइतके खोल मला दुसरीकडे फार थोडे सापडले. 1909 ते 1943 एवढेच तिचे आयुष्य. जन्माने यहुदी, ख्रिस्ताने भारलेली, तरी चर्चच्या उंबरठ्याबाहेर थांबून राहिलेली, गीतेसाठी संस्कृत शिकलेली. शेजाऱ्यावरचे प्रेम, जगाच्या सौंदर्यावरचे प्रेम आणि उपासनेवरचे प्रेम ही देवावरच्या प्रेमाचीच अप्रकट रूपे आहेत, असे तिने मांडले. त्या सगळ्यांच्या मुळाशी तिला एकच गोष्ट दिसली, पूर्ण लक्ष देणे. दुःखी माणसाला काय होते आहे हे खरोखर विचारणे तिला दुर्मीळ वाटले, जवळजवळ चमत्कारासारखे. लक्ष्मीबाईंचे पती, आपल्या रेव्हरंड टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणून आपण शालेय पुस्तकात ठेवून दिले. 'वनवासी फूल' किंवा 'केवढे हे क्रौर्य' या कवितांमागचे लक्ष हे वेलच्या अर्थाने प्रार्थनेचे लक्ष आहे, असे मला वाटते. घायाळ पाखराकडे इतका वेळ पाहणारा माणूस कीर्तनाला उभा राहिला तर त्याचे कीर्तन वेगळे होणारच.

या चिंतनांचे लेखक वेगवेगळ्या परंपरांतले आहेत. कोणी कॅथलिक, कोणी प्रोटेस्टंट, काही मिस्सेला जाणारे, काही उपासनेला. त्यांच्यात मतभेद आहेत, विशेषतः तारण माणसाचेच की सबंध सृष्टीचे, या मुद्द्यावर. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात सारी सृष्टी प्रसूतिवेदनांत कण्हते आहे असे पौल म्हणतो; त्या वचनाचा अर्थ या पुस्तकात तिघांनी तीन प्रकारे लावला आहे. मी ते मतभेद मिटवलेले नाहीत, आणि वाचकानेही मिटवण्याची घाई करू नये. ख्रिस्ती नसलेल्या वाचकाने पाणलोटाच्या लेखापासून सुरुवात करावी. तिथे धर्मशास्त्राची ओळख नसली तरी अडणार नाही. ख्रिस्ती वाचकाने मात्र पहिला भाग गाळू नये.

एक काम मात्र वाचन संपण्याची वाट न पाहता करता येईल. तुमच्या धर्मग्रामात, गावात किंवा चर्चच्या आवारात एखादे बावखल, तळे किंवा जुनी विहीर अजून शिल्लक असेल, तर ती कोणाच्या नावावर आहे हे तलाठ्याकडे जाऊन सात-बारावर पाहून घ्या, आणि तिचे पाणी आज कोण वापरते हे शेजारच्या चार घरांत विचारा. बुजवण्याचा अर्ज एकदा मंजूर झाला की मग उशीर झालेला असतो.